मायीच्या दुधाला शीग

महामाया हे नाव आजीने हौसेने ठेवलं होतं, पण एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव काही पेलवेना, म्हणून साखरखेर्ड्याच्या त्या गल्लीत सगळे तिला मायी म्हणायचे. पाच महिन्यांची मायी. तोंडात दात नाही, डोक्यावर धड केस नाहीत, पण आवाज असा की ग्रामपंचायतीचा भोंगा परवडला. आणि त्या आठवड्यात तो आवाज थांबायचं नाव घेत नव्हता. मायीचं दूध बदललं होतं, एवढंच निमित्त.

आता दूध बदललं म्हणजे काय झालं, आणि त्यात समताचा जीव का अडकला होता, ते नीट सांगायला हवं.

समता ही मायीची आत्या. नववीत. एप्रिल महिना, सकाळची शाळा आणि वार्षिक परीक्षा सुरू. त्याच महिन्यात जयंतीच्या स्टेजवर तिने आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकलं होतं. माइक हातात आला आणि काय झालं कोण जाणे, समोरची सगळी गल्ली एकदम ओळखीची वाटली आणि तोंडातून शब्द असे सुटले, की उतरायला सांगेपर्यंत ती खाली आलीच नाही. तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की जगात असं काही नाही जे आपण समजावून सांगितलं तर लोकांना पटणार नाही. गल्लीने तिचं नाव पाडलं अध्यक्षबाई. तिला ते चिडवणं मनातून आवडायचं.

समताचा भाऊ प्रेमानंद साखरखेर्डा ते चिखली जीप चालवायचा, आणि त्याची बायको धम्मशीला म्हणजे मायीची आई. ही धम्मशीला वहिनी वनरक्षकाच्या भरतीत लागली होती. चिखलीच्या रस्त्याने पहाटे ती पळायची तेव्हा मोबाइलवर वेळ लावून समता सायकलीवर मागे असायची. निकाल लागला तेव्हा नेमकी मायी पोटात होती, म्हणून ट्रेनिंगची पहिली बॅच हुकली. पुढच्या बॅचला नाव टिकवून ठेवलं होतं, पण ह्याही खेपेला गेली नाही तर नाव कायमचं कटणार होतं. जायच्या आदल्या दिवशी वहिनी बॅग भरता भरता मधेच थांबली, मायीकडे बघत राहिली, आणि तेव्हा समता म्हणाली होती, तू बिनघोर जा वहिनी, मी आहे ना. मोठ्या माणसासारखं म्हणाली होती. वहिनीनेही मोठ्या माणसाचं ऐकावं तसं ते ऐकलं, आणि गेली.

जाण्याआधी चिखलीच्या लेकरांच्या डॉक्टरांना विचारून मायीला हळूहळू डब्याच्या पावडरीच्या दुधाची सवय लावली होती. वहिनीने सासूला आणि समताला दोघींनाही शिकवलं. पाणी उकळून कोमट करायचं, बाटलीवरच्या रेघेपर्यंत आधी पाणी घ्यायचं, मग डब्यातला चमचा भरायचा, डब्याच्या तोंडाशी जी पट्टी होती तिला घासून बाहेर काढायचा आणि बाटलीत टाकायचा. पहिल्याच दिवशी बनाबाईने, म्हणजे समताच्या आईने, जाहीर करून टाकलं की लेकराच्या दुधाला एकच हात असावा, आणि तो माझा. समताकडे बाटल्या उकळणं आणि दुपटी-लंगोट धुणं आलं. मायीला ते दूध असं काही मानवलं की डबा कधी संपला ते कळलंच नाही.

आणि संपला तेव्हा तसा डबा गावात नव्हता. चिखलीतही नव्हता. एका मेडिकलवाल्याने प्रेमानंदला दुसऱ्या कंपनीचा पुडा दिला आणि सांगितलं, वय तेच, काम तेच, नाव तेवढं वेगळं. प्रवासी जीपमध्ये बसून हाका मारत होते. प्रेमानंदने पुडा सीटखाली टाकला आणि घेऊन आला.

पहिला दिवस ठीक गेला. मग मायीची शी हिरवी झाली. साधीसुधी हिरवी नाही, पालकाची भाजी सांडल्यासारखी. समताने लंगोट उघडला आणि तिला आधी हसू आलं, मग भीती वाटली. मग पोटात गॅस धरायला लागला. पोट ढोलकीसारखं टणक व्हायचं, मायी पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद व्हायची आणि भोंगा सुरू. मग शी व्हायचीच बंद झाली. झाली तेव्हा शेळीच्या लेंड्यांसारखी घट्ट, आणि ती होताना मायी अशी कळवळून रडली की बनाबाई पदर तोंडाशी धरून दारात जाऊन उभी राहिली.

गल्लीला बातमी लागायला किती वेळ लागतो. शेजारची गोजरबाई सहाणेवर उगाळायला मुरडशेंग आणि जायफळ घेऊन आली. कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं पावडरीचं दूध ते पावडरीचंच. समताने घुटी उगाळू दिली नाही. तिने शाळेतल्या एका तासाला कधीतरी ऐकलं होतं की सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय काही द्यायचं नसतं, आणि ते तिने असं काही सुनावलं की गोजरबाई जायफळ पदरात बांधता बांधता म्हणाली, "बनाबाई, तुह्या पोरीसमोर आता डॉक्टरनंबी परवानगी घेऊन बसाव."

बनाबाई हसली नाही. तिने तोवर मनाशी काहीतरी ठरवलं होतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता, वर न बघता ती बोलली, "रविवारी धम्मशीलाचा फोन येईल तवा मी तिले सांगीन, घरी ये. लेकरू मायशिवाय राह्यत नाई. नोकरी काय, दुसरी भेटंल."

ट्रेनिंगच्या ठिकाणी मोबाइल जमा असायचे. रविवारी दुपारी तेवढे हातात मिळायचे. समताला डोळ्यापुढे दिसलं. खाकीतली वहिनी, कानाला फोन, आणि सासूचं हे एक वाक्य. वहिनी वाद घालणार नाही, बॅग भरेल आणि पहिली एसटी धरेल. मग ते नाव कायमचं कटणार. तिने दादाकडे बघितलं. प्रेमानंद ताटाकडे बघत होता. त्याला बायकोची नोकरी हवी होती, लेकीचं रडणं नको होतं, आणि ह्यातलं काय मोठं ते कोणी तिसऱ्याने सांगितलं तर बरं, असं त्याचं एकूण तोंड होतं. तो म्हणाला, उद्या अजून एखाद्या कंपनीचा डबा पाहू का. बनाबाई म्हणाली, काय पाहायचं ते रविवारपर्यंत पाहा.

म्हणजे रविवारपर्यंत मायीचं पोट ताळ्यावर आणायचं. समताने मनात म्हटलं, आणू. त्यात काय.

गुरुवारी पेपर देऊन आली आणि दप्तर टाकून तिने मायीला उचललं. पांढऱ्या ओढणीत गुंडाळून उन्हातून थेट सरकारी दवाखान्यात. तिथल्या अनुपमा सिस्टर तिला ओळखत होत्या, लस द्यायला शाळेत यायच्या. त्यांनी मायीला उघडी करून तराजूत ठेवलं, पोट बोटांनी दाबून पाहिलं, जीभ पाहिली, टाळू पाहिली. समता तोवर सगळा इतिहास सांगून मोकळी झाली. डबा, पुडा, हिरवं, गॅस, लेंड्या, गोजरबाई, जायफळ. सिस्टर म्हणाल्या, दम घे.

मग त्यांनी एकेक सांगितलं. हिरव्याला घाबरायचं नाही, पावडरीतल्या लोहाने रंग बदलतो. दूध बदललं की पोटाला नवीन दुधाची ओळख व्हायला आठवडाभर, कधी त्याहून जास्तही लागतं, तोवर गॅस होतो, शी पुढेमागे होते. म्हणून सारखे डबे बदलायचे नाहीत, आणि बदलायचाच झाला तर मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरला विचारायचं. शीतून रक्त आलं, सारखी उलटी झाली, पाण्यासारखे जुलाब लागले, ताप आला, लेकरू मलूल पडलं, तर तिथल्या तिथे चिखली गाठायची. घुटी दिली नाही ते चांगलं केलं. समताची मान ताठ झाली.

"लघवी पहिल्यासारखी होते?" सिस्टरने विचारलं.

समता सांगायला लागली आणि अडखळली. लंगोट धुवायचं काम तिचं होतं. ह्या दोन-तीन दिवसांत बादलीत कपडे कमी पडत होते, आणि खरं सांगायचं तर परीक्षेच्या दिवसांत तिला त्याचं बरंच वाटलं होतं. ती म्हणाली, थोडी कमी होते, उन्हाने असेल. सिस्टरच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. त्यांनी विचारलं, पावडर कशी मोजता, चमचा सपाट असतो ना.

"सपाटच," समता म्हणाली. "पट्टीला घासून."

अगदी ठामपणे म्हणाली. जयंतीच्या स्टेजवर म्हणावं तसं. सिस्टरने तिच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, लघवी कमी होते हे काही मला आवडलं नाही, उद्या सकाळी पुन्हा आण, आणि जी दूध करते तिला घेऊन ये.

परत येताना पिठाच्या गिरणीपाशी समता उभीच राहिली. गिरणीचा पट्टा फडफडत होता, आत कोणाची तरी ज्वारी दळली जात होती, मायी खांद्यावर झोपली होती, आणि समताच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. पट्टी. पट्टी जुन्या डब्याला होती. तो डबा तर आईने घासून त्यात तिखट भरलं होतं. नवीन दूध पुड्यात येतं, मऊ कागदाच्या पुड्यात, कात्रीने तोंड कापलेल्या. त्याला कुठली पट्टी. आणि नवीन पुड्यातून दूध होताना आपण एकदाही पाहिलं नाही. पाहिलं नाही आणि सांगून आलो.

घरी गोजरबाई ओट्यावर बसलेली, आणि आत बनाबाई बाटली करत होती. समता दारातच थांबली आणि पहिल्यांदा नीट बघितलं. बनाबाईने पाणी रेघेपर्यंत घेतलं, अगदी डोळ्यासमोर धरून. मग पुड्यात चमचा घातला आणि बाहेर काढला तो डोंगर होऊन. चमच्याच्या काठावर पावडरीचं टोक उभं होतं. त्यातला कणही सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा खाली धरून तिने तो चमचा बाटलीपर्यंत नेला. पुन्हा डोंगर. पुन्हा तळवा. जुन्या डब्याच्या वेळीही ती चमचा असाच भरत असणार, पण तिथली पट्टी वरचं सगळं खाली पाडत होती. इथे पाडायला कोणी नव्हतं.

समताला कोडं सुटल्याचा इतका आनंद झाला, की तो आनंद आहे की राग आहे ते न बघता ती तिथूनच बोलली, "आई, थांब. मायीचं पोट पुड्यानं नाई बिघडलं. तूच बिघडवून राह्यली."

भाषणाचा आवाज ओट्यापर्यंत जातो. गोजरबाई उठली, लुगडं झटकलं आणि जाता जाता म्हणाली, "अध्यक्षबाईनं आता घरातबी माइक लावला वाटते."

बनाबाईने पुड्याचं तोंड दुमडलं. चमचा तिने खाली ठेवला. हळूच ठेवला, आपटला असता तर बरं झालं असतं. "घे, तूच कर," एवढं म्हणाली आणि मागच्या अंगणात निंबाखाली जाऊन बसली.

समताने ती बाटली ओतून दिली. नवीन पाणी घेतलं, चमचा भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला आणि दूध केलं. मायी जागी होऊन चुटुचुटू प्यायला लागली, मधे श्वास घ्यायलाही थांबेना. समता तिच्याकडे बघत होती, पण कान मागच्या अंगणाकडे होते. आपण जिंकलो असं तिला वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

ढेकर काढून मायीला खांद्यावर टाकून ती मागे गेली आणि आईच्या शेजारी बसली. बसली ती बसलीच.

बनाबाई स्वतःहूनच सांगायला लागली, झाडाकडे बघत. देऊळगाव राजाकडे तिचं माहेर. तिची माय दुसऱ्याच्या खळ्यावर राबायची आणि मजुरी म्हणून ज्वारी मिळायची, पायलीने मोजून. मालकाचा माणूस गावातल्या बाकीच्यांना मोजताना पायली भरायचा आणि वर शीग येऊ द्यायचा, दाण्यांचं टोक, जितकं मापावर राहील तितकं. बनाबाईच्या मायची पाळी आली की पायली भरायची आणि तो माणूस हाताची कड मापावरून फिरवायचा. वरचे दाणे खाली. माप पुरं, मालकाची चूक काही नाही. खाली पडलेले दाणे मात्र उचलायचे नाहीत, ते खळ्याचे. लहान बनाबाई मायचा पदर धरून उभी असायची, आणि तिला त्या हाताची कडच तेवढी दिसायची. पुढे घरात चार पैसे आले तेव्हा तिच्या मायने पोरींना एकच सांगितलं होतं, आपल्या घरातून कोणाला सपाट मापानं काही जायचं नाही.

समताला आठवलं. शेजारी साखर मागायला आले की आई वाटी शिगोशीग भरून द्यायची, आणि समता त्यावरून तिला हसायची, की अशाने दुकान टाकलंस तर बुडशील.

"आता ह्या लेकराची माय जवळ नाई," बनाबाई म्हणाली. "परमुलखात गेली. आन् म्या तिच्या लेकराच्या मापावरून सुरी फिरवू?"

पुस्तकातलं बोलायला समताकडे खूप होतं. सिस्टर म्हणाल्या ते होतं, पुड्यावर लिहिलेलं होतं. पण त्यातलं काहीच त्या हाताच्या कडेला पुरं पडणार नव्हतं. ती मायीची पाठ थोपटत राहिली. मायीचा लंगोट तिच्या हाताला लागला. कोरडा होता. दुपार कलली तरी कोरडा.

मग तिला जे सुचलं ते तिने हळू सांगितलं. आपल्या नेहमीच्या आवाजात, माइक नसलेल्या.

"आई, ह्याच्यात मापं दोन आहेत. एक पावडरीचं आन् एक पाण्याचं. आपण पावडरीले शीग लावली, पाण्याले नाई लावली. मंग पाण्याचं माप उणं पडलं. ती भुकेली नव्हती आई, ती तहानेली होती."

बनाबाईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग मायीच्या ओठांकडे. ते कोरडे पडून त्यांची सालं निघत होती, आणि इतके दिवस सगळ्यांना ते उन्हाने वाटत होतं. पाण्याचं उणं म्हणजे काय, ते बनाबाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने हात पुढे केले आणि मायीला घेतलं. बराच वेळ ती तिच्याशी काहीतरी बोलत होती, समताला ऐकू जाणार नाही असं.

पुढच्या बाटलीच्या वेळी बनाबाई स्वतः उठली. पाणी घेतलं, पुडा उघडला, चमचा भरला. शीग वर आली. सुरी हातात घेऊन ती थांबली. समताने दुसरीकडे बघितलं. सुरीचा चमच्यावरून जाण्याचा बारीक आवाज आला, मग पुन्हा आला. वरची पावडर तिने पुड्यातच पडू दिली. खाली काही सांडलं नाही.

शुक्रवारी सकाळी दोघी दवाखान्यात गेल्या. सिस्टरने विचारायच्या आधीच बनाबाई म्हणाली की चमचा मीच शिगोशीग भरत होते. समताने तोंड उघडलं, की काल खोटं मी सांगितलं, पण सिस्टरने दोघींनाही थांबवलं. त्यांनी मायीला पुन्हा तपासलं आणि सांगितलं की दूध दाट झालं की लेकराच्या अंगातलं पाणी कमी होतं, शी घट्ट होते, उन्हाळ्यात तर जास्तच जपायचं. आता वेळेवर लक्षात आलंय. माप नीट ठेवा, लंगोट भिजतो का पाहा, संध्याकाळपर्यंत फरक नाही दिसला तर वाट बघत बसू नका. रागावल्या नाहीत. उलट जाताना बनाबाईला म्हणाल्या, आजी, बरं झालं तुम्ही स्वतः आलात.

संध्याकाळी समताने बादली भरून लंगोट धुतले, आणि धुताना ती गात होती. गोजरबाईने ओट्यावरून विचारलं, पोरीला नोकरी लागली का काय.

शनिवारी प्रेमानंद जीपमधून उतरला तो डबा उंच धरूनच. जुन्या कंपनीचा, तोच. चिखलीत एका दुकानात आला होता. त्याला वाटलं होतं घरात आता त्याचं कौतुक होईल. बनाबाईने डबा घेतला, फिरवून पाहिला आणि फडताळात वर ठेवून दिला. "राहू दे," ती म्हणाली. "पोट आता कुठं वळणावर येऊन राह्यलं. त्याले पुन्हा कायले गोंधळात टाकतं." प्रेमानंद म्हणाला, मग मी काय वाया फिरलो का दुकानं. समता म्हणाली, नाही दादा, आता तुला दुकान माहीत झालं.

आला रविवार. मायी अजून पुरती सुधारली नव्हती. शी हिरवीच होती. फक्त मऊ झाली होती. गॅस होता, पाय पोटाशी जायचे, पण रडणं आधीच्या मानाने निम्म्यावर आलं होतं. समता सकाळपासून मनात बोलणं जुळवत होती. वहिनीला काही म्हणजे काही सांगायचं नाही. सगळं छान, मायी खेळते, पेपर सोपे गेले. सांगितलं तर ती घाबरणार, येणार, आणि सगळं मुसळ केरात. आई काय बोलेल ह्याचा मात्र अंदाज येत नव्हता. गुरुवारनंतर आईने तो विषय एकदाही काढला नव्हता, आणि विचारायची समताची छाती झाली नव्हती.

दुपारी फोन वाजला. समताने झडप घातली. वहिनीचा आवाज उन्हाने रापल्यासारखा, जाड झालेला. समता म्हणाली, सगळं मस्त चाललंय वहिनी, मायी एकदम ठणठणीत.

बनाबाईने हात पुढे केला. रागाने नाही, पण असा, की फोन द्यावाच लागला.

आणि मग बनाबाईने सगळं सांगितलं. डबा संपला तिथपासून. पुडा, हिरवी शी, लेंड्या, कोरडे लंगोट, चमच्याची शीग, सिस्टर, आणि तुला घरी बोलवायचं मनात होतं तेही. स्वतःचं काही लपवलं नाही आणि समताचंही काही वाढवून सांगितलं नाही. समता शेजारी उभी राहून नखं खात होती. संपलं, तिला वाटलं. आता वहिनी बॅग भरणार.

मग वहिनीने विचारायला सुरुवात केली. रक्त होतं का. उलटी. ताप. आज लंगोट किती भिजले. वजन काय भरलं. बनाबाई एकेकाचं उत्तर देत होती, अडलं की समताकडे बघत होती, आणि समता हळू आवाजात सांगत होती. मग वहिनीचा आवाज बदलला.

"आई, मले काऊन नाई सांगितलं? इथं ऑफिसात फोन आहे. नंबर मी देऊन आली होती."

बनाबाई म्हणाली, तू घाबरली असती.

"घाबरली असती तर घाबरली असती. माही लेक आहे ती. तुम्ही म्हणता ये, समता म्हणते राहा, आन् दोघी मिळून मलेच ठाऊक होऊ देत नाई. यायचं का राहायचं, ते मी ठरवीन ना."

वहिनी सासूशी असं कधी बोलली नव्हती. समताने आईकडे बघितलं. तिला वाटलं, आता हा फोन बंद होतो. पण बनाबाई मान हलवत होती, आणि वहिनीला ते दिसत नाही हे लक्षात आल्यावर म्हणाली, "हाव. तूच ठरव."

समताचे कान गरम झाले होते. म्हणजे आई एकटीच नव्हती. आई वहिनीला घरी ओढत होती आणि आपण तिला तिकडे ढकलत होतो, आणि दोघींनाही वाटत होतं की आपण तिचं भलं करतोय.

पलीकडे कोणीतरी शिट्टी वाजवली. बाकीच्या पोरींचे आवाज आले आणि गेले.

"मी राहीन," वहिनी म्हणाली. "आज तरी राहीन. उद्या वजन करून ऑफिसच्या नंबरवर सांगा. खोटं सांगू नका, समते, तुले म्हणून राह्यली. वजन उतरलं तर मी येईन, आन् मंग मले कोणी अडवायचं नाई."

समता म्हणाली, बरं.

मायीला फोनपाशी नेलं. वहिनी तिच्याशी काय बोलली ते तिचं तिला, पण मायी हातपाय हलवायचं थांबली आणि समताच्या तोंडाकडे एकटक बघायला लागली, जणू हा आवाज समताच काढते आहे. समता हलली नाही. वहिनीचं बोलून होईपर्यंत तशीच तोंड समोर धरून बसून राहिली.

मग बनाबाईने फोन परत घेतला आणि विचारलं, "तू जेवली का आज?"

तिथे दिवसभर काय खायला मिळतं, किती मिळतं, मायीसाठी आलेलं दूध अंगात दाटून दुखतं का, हे ह्या घरात इतक्या दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं. समताने तर नाहीच.

"नाई," वहिनी म्हणाली, आणि मग ती रडली.

बनाबाईने फोन कानाला तसाच धरला. घाई केली नाही, गप्प हो म्हणाली नाही. रडणं थांबल्यावर म्हणाली, "आता जा, जेव आधी. पोटभर जेव. आन् मंग पुन्हा फोन लाव, मी बसून आहे."